पाच मिनिटांची आई

सशीण व्यायली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाळणाऱ्याच्या तोंडी एकच वाक्य असतं: "ही पिल्लांकडे ढुंकूनही बघत नाही." सकाळपासून ती पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला अंग पसरून पडलेली असते. गवत चघळते, पाणी पिते, डुलकी काढते. तिकडे पेटीत सात-आठ उघडी पिल्लं एकमेकांच्या अंगावर रचून पडलेली, आणि आईला जणू त्यांची खबरच नाही. मांजर व्यायली की पिल्लांना पोटाशी घेऊन पडते. कुत्री पहिले काही दिवस जागची हलत नाही. कोंबडी २१ दिवस अंड्यांवर बसते. हे सगळं पाहिलेल्या डोळ्यांना सशिणीचं वागणं निष्ठुर वाटतं, आणि मग माणूस मध्ये पडतो. तिला उचलून पेटीत बसवतो, पिल्लांच्या तोंडाला बाटली लावतो, दर तासाला पेटी उघडून बघतो. पोटभर दूध पिऊन निवांत झोपलेली पिल्लंसुद्धा या घाईपायी दगावतात, म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहावंसं वाटतं.

सशिणीची माया लांब राहण्यात आहे. पाळीव ससा ज्या रानटी सशापासून आला तो युरोपातला, जमिनीत बिळं करून राहणारा. व्यायच्या वेळी मादी पिल्लांसाठी बहुधा वेगळं, आखूड बीळ खोदते, त्यात गवत आणि स्वतःचे केस अंथरते, पिल्लं घालते आणि बाहेर पडताना बिळाचं तोंड मातीने बुजवून टाकते. मग २४ तासांतून एकदा, बहुतेक रात्री किंवा पहाटे, ती येते, माती उकरते, तीन ते पाच मिनिटं दूध पाजते आणि पुन्हा बीळ बुजवून निघून जाते. ती जितकी कमी येईल तितका तिचा वास तिथे कमी रेंगाळतो आणि शिकाऱ्याला बिळाचा पत्ता लागण्याची शक्यता तितकी कमी. पिंजऱ्यातल्या सशिणीच्या अंगात ही सवय जशीच्या तशी आहे. तुम्ही बघत असताना ती पेटीत शिरत नाही, ते यामुळेच. तिच्या लेखी तुम्हीही कुणीतरी बघणारे आहात.

इथे भाषेचाही थोडा घोळ होतो. मराठीत 'ससा' हा एकच शब्द दोन वेगळ्या प्राण्यांना आहे. उघड्या रानात, शेताच्या बांधाला राहणारा ससा बीळ खोदत नाही. त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात आणि थोड्याच वेळात टुणटुण उड्या मारू शकतात. पाळीव सशाची पिल्लं जन्मतात तेव्हा ती गुलाबी, केस नसलेली, डोळे आणि कान मिटलेली असतात. एकाविषयी ऐकलेलं दुसऱ्याला लावायला गेलं की सगळंच फसतं.

पाच मिनिटांत दिवसभराचं पोट कसं भरतं, याचं उत्तर दुधात आहे. गाईच्या दुधात स्निग्धांश चार टक्क्यांच्या आसपास असतो आणि प्रथिनं साडेतीन टक्क्यांच्या. सशिणीच्या दुधात दोन्ही दहा टक्क्यांच्या वर जातात, आणि दुधातली साखर मात्र अगदी थोडी. शिवाय पिल्लू एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाइतकं दूध पिऊन घेतं.

हे पाजणं एकदा लांबून, अजिबात हालचाल न करता बघावं. वेळ जवळ आली की पिल्लांना ती आधीच कळते. एरवी केसांच्या गादीत खोल दडलेली पिल्लं हळूहळू वर येऊ लागतात, वळवळतात, अंगावरचे केस बाजूला सारतात. आई उडी मारून पेटीत येते आणि त्यांच्यावर चार पायांवर उभी राहते. आडवी होत नाही, कुणाला नाकाने ढकलून सडाशी नेत नाही. तिच्या सडांना आणि दुधाला एक खास वास असतो. त्या वासावर आंधळी पिल्लं पोटाखाली डोकं घुसळत काही सेकंदांत सड पकडतात, थोडं पितात, सोडून दुसरा पकडतात. पाय वर करून, जवळजवळ उताणी होऊन पितात. चोखण्याचा बारीक चकचक आवाज येतो. मग कसलीही पूर्वसूचना न देता आई टुणकन बाहेर पडते. कधीकधी जाताना पेटीत चार लेंड्या टाकून जाते. ती घाण समजून लगेच झाडून काढू नये. पहिल्या आठवड्यात पिल्लं त्या कुरतडतात आणि आईच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू त्यांना त्यातून मिळतात. आई गेल्यावर पिल्लं वरच्यावर असतानाच लघवी करतात आणि मग पुन्हा खाली सरकत केसांत दडी मारतात. खालची गादी कोरडी राहते ती यामुळे.

आता थोडं मागे, गाभणपणाकडे जाऊ. सशीण २८ ते ३३ दिवस गाभण असते, बहुतेकदा ३१ व्या दिवशी विते. तारीख लिहून ठेवणं ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काळजी. सशिणीला कुत्री-मांजरांसारखा ठरलेला माज येत नाही. मिलनानंतरच बीजांड सुटतं, त्यामुळे नर-मादी एकत्र आल्याचा दिवस हाच मोजणीचा पहिला दिवस. दहाव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान सरावलेला हात पोटाखालून चाचपून मण्यांसारख्या गाठी ओळखू शकतो. मात्र आतड्यातल्या लेंड्याही तशाच लागतात, आणि जोरात दाबलं तर गर्भाला इजा होते. हात बसलेला नसेल तर चाचपायच्या भानगडीत न पडता तारखेवर भरवसा ठेवावा आणि प्रत्येक वेळी पेटी ठेवावी. पेटी ठेवली आणि पिल्लं झाली नाहीत तर काही बिघडत नाही. उलट झालं तर आख्खं वेत जाळीवर गारठून जातं.

कधीकधी सशीण सोळाव्या-अठराव्या दिवशीच छातीचे केस उपटून घरटं करायला लागते. बहुतेकदा ते खोटं गाभणपण असतं. बीजांड सुटलं पण गर्भ राहिला नाही, आणि शरीर मात्र त्याच वाटेने चालत राहिलं. अशा वेळी ते केस टाकून देऊ नयेत. स्वच्छ पिशवीत भरून ठेवावेत, ते पुढे कामाला येतात.

पेटीच्या बाबतीत माझा थोडा हट्ट आहे, कारण अर्ध्या चुका तिथेच होतात. मध्यम आकाराच्या सशिणीला साधारण ४५ सेंटीमीटर लांब, २५ रुंद आणि २५ उंच पेटी पुरते. तिला आत शिरून वळता यावं इतकीच जागा हवी. प्रशस्त पेटी दिली की ती तिथेच बसायला लागते, तिथेच घाण करते, आणि पिल्लांना पांगायला वाव मिळतो. पुढची बाजू १२ ते १५ सेंटीमीटर उंच ठेवावी. आई सहज आत-बाहेर करू शकली पाहिजे, पण ती उडी मारताना सडाला लटकून राहिलेलं पिल्लू त्या काठाला अडून आतच पडलं पाहिजे. तळाला बारीक भोकं असावीत, म्हणजे ओल साचत नाही. तळ गुळगुळीत नसावा. घसरत्या तळावर वाढलेल्या पिल्लांचे मागचे पाय फाकतात आणि ते पुढे जुळत नाहीत. जाड पुठ्ठ्याचं खोकं एका वेतापुरतं चालतं, ओलं झालं की बदलायचं. लाकडी पेटी पुन्हा वापरायची असेल तर खरवडून, धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच.

आत खाली चार-पाच सेंटीमीटर रंध्याचा कीस आणि त्यावर भरपूर मऊ सुकं गवत. करवतीचा बारीक भुसा नको, तो पिल्लांच्या नाका-डोळ्यांत जातो. उग्र वासाच्या लाकडाचा कीसही नको. गवत दाबून बसवावं आणि मागच्या बाजूला मुठीने एक खळगा करून ठेवावा. कापड, गोधडीचे तुकडे, कापूस यांचा मोह टाळावा. धागा पिल्लाच्या पायाला किंवा मानेला गुंडाळला जातो, आणि अंधारात कुणाला ते कळतही नाही. पेटी २८ व्या दिवशी ठेवायची. फार आधी ठेवली की ती तिचा संडास करून टाकते. जागाही विचार करून निवडावी. सशीण लघवीला ज्या कोपऱ्यात जाते तो सोडून दुसरा कोपरा.

शेवटच्या दोन-तीन दिवसांत सशीण तोंडात गवताचा मिशीसारखा जुडगा घेऊन फिरताना दिसते. मग छातीचे आणि पोटाचे केस उपटते. हे पाहून घाबरू नये. त्या काळात ते केस सैल झालेले असतात, सहज निघतात. त्यातून घरट्याला अस्तर मिळतं आणि सडही उघडे पडतात. पहिल्यांदा विणारी सशीण कधी केस उपटतच नाही, कधी अगदी थोडे उपटते, तर कधी विल्यानंतर उपटते. अशा वेळी साठवलेले केस उपयोगी पडतात. तेही नसतील तर सशिणीला मांडीवर घेऊन छाती-पोटावरचे सैल केस चिमटीने हलकेच काढून पिल्लांवर पांघरावेत.

विणं बहुतेक रात्री किंवा पहाटे होतं आणि अर्ध्या तासात आटोपतं. आपण मदतीला जायची गरज नसते. ती स्वतःच पिल्लू चाटून मोकळं करते, नाळ तोडते, पिल्लामागून पडणारी वार खाऊन टाकते. वार खाताना एखाद्या पिल्लाचा कान किंवा शेपटीचं टोक कापलं जातं, विशेषतः पहिल्या वेतात. त्या वेळी आजूबाजूला गडबड असली, कुत्रा भुंकला, उजेड पडला किंवा प्यायला पाणी नसलं, तर प्रकार वाढतो. आईने पिल्लं खाल्ली असं जे सांगितलं जातं, त्यात पुष्कळदा ती मेलेलं पिल्लू आणि वार साफ करत असते. राहिलेल्या प्रसंगांत भीती आणि तहान ही दोन कारणं आधी तपासावीत. म्हणून त्या रात्री पाण्याची दोन भांडी भरून ठेवायची, पिंजऱ्याभोवती अंधार आणि शांतता राखायची. ती कण्हत, जोर लावत बराच वेळ बसली असेल आणि पिल्लू येत नसेल, किंवा रक्त जात राहिलं असेल, तर मात्र वाट बघू नये. ३२ वा दिवस उलटूनही ती व्यायली नाही, तरीही ससे हाताळणाऱ्या पशुवैद्याकडेच न्यावं.

सकाळी पेटी बघायचीच. आईला माणसाचा वास आला तर ती पिल्लं टाकून देते, ही समजूत पाळीव सशिणीला लागू नाही. तिला तुमचा वास रोजचाच आहे. हात धुवावेत, सुगंधी साबण किंवा अत्तर नको. आईला दुसरीकडे गवताची जुडी देऊन गुंतवावं, तिचं अंग, तिचं गवत हाताळून घ्यावं आणि मग केस बाजूला करावेत. मेलेली पिल्लं, राहिलेली वार, रक्ताने ओला झालेला कीस काढून टाकायचा. मेलेलं पिल्लू तळाशी, जिवंत पिल्लांच्या खाली दडलेलं असतं, म्हणून एकेक उचलून मोजायचं. मध्यम जातीचं पिल्लू जन्मतः ५० ते ६० ग्रॅमचं असतं, बुटक्या जातीचं २५-३० ग्रॅमचं.

मोजताना पोट बघावं. पोट भरलेल्या पिल्लाचं पोट गोल, ताणलेलं असतं, कातडी इतकी पातळ की आतल्या दुधाचा पांढरा पट्टा बाहेरून दिसतो. असं पिल्लू हातात घेतलं तर एकदा उसळी मारतं आणि शांत होतं. उपाशी पिल्लाची कातडी सुरकुतलेली, कुशी खपाटीला गेलेल्या, पाठीवर चिमूट घेतली तर वळी तशीच राहते. ते डोकं इकडेतिकडे फिरवत राहतं. तासातासाला पेटी उघडून जे कळत नाही ते या एका नजरेत कळतं. दिवसातून एकदा, शक्यतो एकाच वेळी बघावं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर वजन लिहून ठेवावं. आकडा रोज वाढला पाहिजे. सहा-सात दिवसांत जन्मवजन दुप्पट होतं आणि तीन आठवड्यांत पाच-सहा पट. जन्मल्यानंतर पहिल्याच दिवशी पोट रिकामं दिसलं तर लगेच हवालदिल होऊ नये. काही सशिणींना पान्हा फुटायला २४ तास लागतात आणि बहुतेक पिल्लं तेवढा वेळ तग धरतात. दुसऱ्या सकाळीही सगळ्यांची पोटं खपाटीला असतील तर मात्र हालचाल करायची.

पण भुकेपेक्षा आधी जीव घेते ती थंडी. या पिल्लांना पहिले काही दिवस स्वतःची ऊब राखता येत नाही. खांद्यांमध्ये साठवलेली थोडी तपकिरी चरबी जाळून आणि एकमेकांना बिलगून ती तगतात. ढिगातलं प्रत्येक पिल्लू सतत मधल्या उबदार जागेकडे सरकत असतं, त्यामुळे ढीग कायम हळूहळू ढवळत राहतो. घरट्याच्या आत तीस अंशांवर ऊब असते. ढिगाबाहेर पडलेलं एकटं पिल्लू मात्र तास-दोन तासांत गार पडतं. आणि आई त्याला उचलून आणत नाही. मांजरीसारखं मानेला धरून पिल्लू हलवणं तिच्या स्वभावात नाही. बिळात पिल्लू हरवायला जागाच नसते, म्हणून ती सवय तिला कधी लागलीच नाही. पेटीबाहेर पडलेल्या पिल्लाला ती ओलांडून जाते. तिथे तिला दोष देऊ नये. तिथे आपलं काम सुरू होतं.

जाळीवर सापडलेलं गार, निळसर, न हलणारं पिल्लू मेलेलं समजून टाकून देऊ नका. आधी ऊब द्या. हाताच्या ओंजळीत, कपड्याच्या आत छातीशी धरा. खूपच गार असेल तर अंघोळीच्या बाळाला चालेल इतक्या कोमट, साधारण ३८ अंशांच्या पाण्यात मानेपर्यंत धरा. डोकं बाहेर, नाकात पाणी जाता कामा नये. पाणी निवलं की बदला. काही वेळाने ते जबडा उघडून एकेक श्वास ओढायला लागतं, मग पाय ताणतं, कातडी पुन्हा गुलाबी होते. मग केसांच्या मुळापर्यंत, म्हणजे या वयात कातडीच्या घडीघडीपर्यंत कोरडं पुसून भावंडांच्या ढिगाच्या मधोमध ठेवा. ऊब परत यायला अर्धा-पाऊण तास लागू शकतो, तेवढा धीर धरायचा. गार पिल्लाला दूध पाजायचं नाही, कितीही कळवळा आला तरी. गार पोटात दूध पचत नाही, आणि अशक्त पिल्लू ते श्वासनळीत ओढून घेतं.

उबेच्या नादात उलटी चूकही होते. पेटीवर प्रखर दिवा टांगला की पिल्लं लाल होतात, ढीग मोडून कोपऱ्याकोपऱ्यांत पांगतात, धापा टाकतात. गरम दिवसांत वरचे काही केस काढून बाजूला ठेवायचे, थंड रात्री परत घालायचे. ढीग घट्ट असेल तर थंडी आहे, ढीग पसरला असेल तर उकडतंय. पिल्लं स्वतःच सांगतात, थर्मामीटरची फार गरज पडत नाही.

दुसऱ्या दिवशीही पिल्लं उपाशी असतील तर आधी आईलाच वापरून बघावं. पहाटे किंवा संध्याकाळी तिला हळूच पेटीत ठेवायचं, पाठीवरून हात फिरवत, डोळ्यांवर हलकेच हाताची सावली धरून पाच मिनिटं थोपवायचं. पिल्लं आपली वाट शोधतात. दोन-तीन दिवस असं केलं की बहुतेक सशिणी स्वतःहून जायला लागतात. तिला उताणी करून पिल्लं लावणं हा शेवटचा मार्ग. त्यात ती बिथरते.

आणखी एखादी सशीण दोन-तीन दिवसांच्या फरकाने व्यायली असेल तर पिल्लं तिच्याकडे देणं सगळ्यात उत्तम. सशिणी पिल्लं मोजत नाहीत. तिला थोडा वेळ बाजूला ठेवायचं, नवी पिल्लं तिच्या पिल्लांच्या ढिगात मधोमध ठेवायची, तिच्याच केसांनी झाकायची आणि तासाभराने तिला सोडायचं. सशिणीला आठ ते दहा सड असतात, तेव्हा आठाच्या पुढची पिल्लं वाटून देणं शहाणपणाचं. मात्र जिच्या सडांना दगडी, म्हणजे कास सुजून कडक होण्याचा आजार, झाली आहे तिची पिल्लं दुसरीकडे लावायची नाहीत. त्यांच्या तोंडातून जंतू दुसऱ्या आईच्या सडात जातात आणि एकाऐवजी दोन वेतं धोक्यात येतात.

हाताने पाजणं खरंच अवघड आहे आणि यश कमी. तरीही तीच वेळ आली तर मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर घ्यावी, ती नसेल तर बकरीचं दूध. गाईचं दूध पातळ पडतं आणि त्यातली साखर सोसत नाही. दिवसातून दोनदाच पाजायचं. मध्यम जातीच्या पिल्लाला पहिले काही दिवस दर वेळी दोन-अडीच मिलिलिटर, आठवड्याअखेर सहा-सात, दोन आठवड्यांना बारा-तेरा, तिसऱ्या आठवड्यात पंधरापर्यंत. बुटक्या जातीला याच्या अर्धं. एक मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज, पिल्लू पोटावर, डोकं किंचित वर, आणि थेंब ओठावर ठेवून त्याने चाटायची वाट बघायची. दट्ट्या दाबून आत ढकलायचं नाही. नाकातून दुधाचा बुडबुडा आला की लगेच थांबायचं, डोकं खाली करून पुसायचं. बहुतेक हातपोशी पिल्लं दूध फुप्फुसात जाऊन मरतात किंवा जास्त पाजल्याने पोट फुगून. पाजून झाल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पोटाखाली हलकेच पुसावं, म्हणजे लघवी होते.

आईकडे वळू. दूध देणारी मध्यम सशीण दिवसाला लिटरभर, कधी त्याहून जास्त पाणी पिते, आणि पिल्लं तीन आठवड्यांची असताना सगळ्यात जास्त, कारण दुधाचा कळस तेव्हाच असतो. नळीची बाटली अडकली आणि एक रात्र पाणी मिळालं नाही, तर दुसऱ्या दिवशी दूध आटलेलं दिसतं. म्हणून बाटलीबरोबर जड वाडगाही ठेवावा. सुकं गवत अखंड समोर हवं, त्याला जोड म्हणून लसूणघास आणि १६ ते १८ टक्के प्रथिनांचं गोळीखाद्य. गोळ्या विण्याच्या आदल्या-नंतरच्या दोन दिवसांत बेताने द्याव्यात आणि मग आठवडाभरात वाढवत पोटभर कराव्यात. एकदम भरपूर खाऊ घातलं आणि पिल्लं थोडी असली तर दूध सडांत तुंबतं. गाभणपणाच्या शेवटच्या आठवड्यात लठ्ठ सशिणीने खाणं सोडलं तर तो जिवावरचा आजार असू शकतो, तिथे तासांचा हिशेब असतो.

रोज बोटांनी सड चाचपून बघावेत. निरोगी कास मऊ आणि कोमट लागते. एखादी जागा कडक, तापलेली, लाल, मग निळसर झाली, सशीण पाजायला टाळाटाळ करू लागली, अंग गरम लागलं, की ती दगडी. पेटीच्या काठावरचा खिळा, फळीची कुस, ओला घाण कीस ही नेहमीची कारणं. पेटीच्या काठावरून आपला तळहात फिरवून बघितला तर कुस आपल्याला लागते, तिच्या सडाला लागत नाही. दगडीला प्रतिजैविक लागतंच, पण घरातलं माणसाचं औषध कदापि देऊ नये. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन अशी औषधं तोंडावाटे दिली तर सशाच्या आतड्यातले चांगले जिवाणू मरतात आणि जुलाबाने ससा दगावतो. पिसवांसाठी कुत्र्याला लावतात ते फिप्रोनिलही सशाला विषारी आहे.

नर वेगळा हवा, आणि तो विण्याच्या आधीपासून. व्यायल्यानंतर काही तासांत सशीण पुन्हा गाभण राहू शकते. मग एकीकडे पाजणं आणि एकीकडे पोटात दुसरं वेत, यात तिची हाडं आणि रक्त दोन्ही झिजतात.

मुंग्यांचं लिहायला हवं, कारण त्या एका रात्रीत वेत संपवतात. दुधाचा आणि रक्ताचा वास लागला की रांग लागते. पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवावेत, पाणी रोज बदलावं. उंदीर-घुशीसाठी पेटीभोवतीची जाळी बोट जाणार नाही इतकी बारीक हवी.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कातडीवर मखमलीसारखी लव येते आणि पिल्लू पांढरं होणार की करडं ते कळतं. आठवड्याभरात अंग झाकतं, कान मोकळे होतात. दहाव्या ते बाराव्या दिवशी डोळे उघडतात. बाराव्या दिवशीही एखादा डोळा चिकटलेला असेल तर उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यात कापूस भिजवून मिनिटभर पापणीवर धरावा, खपली मऊ झाली की नाकाकडून बाहेरच्या बाजूला पुसावं. बहुधा डोळा आपोआप उघडतो. आत पू असेल आणि तो अडकून राहिला तर दृष्टी जाते, म्हणून हे उद्यावर टाकू नये. एकाचा डोळा चिकटला तर सगळ्यांचे तपासावेत आणि पेटीतला कीस बदलावा. बदलताना मूळचे कोरडे केस जपून परत घालावेत.

पंधराव्या दिवसाच्या पुढे पिल्लं पेटीबाहेर डोकावतात. अठराव्या-विसाव्या दिवशी आईच्या तोंडातलं गवत ओढायला लागतात. आता पेटी काढून टाकता येते किंवा आडवी करून ओसरीसारखी ठेवता येते. पिल्लं आता आईच्या मागे लागतात, पोटाखाली घुसतात, आणि ती उड्या मारत पळते. तिच्यासाठी २५-३० सेंटीमीटर उंचीवर एक फळी बसवावी. ती तिथे जाऊन अंग पसरते आणि खाली पिल्लं मान वर करून उभी राहतात. या काळात पिल्लांच्या खाण्यात सुकं गवत सगळ्यात जास्त हवं. नवा पाला एकदम भरपूर घालू नये. दूध सुटतानाच आतड्यातला जिवाणूंचा मेळ बसत असतो, आणि पातळ, शेंबडासारखे जुलाब याच वयात एका दिवसात पिल्लू नेतात.

दूध तोडायचं ते पाच-सहा आठवड्यांनी, आणि आठ आठवड्यांपर्यंत पिल्लं दुसऱ्याच्या घरी देऊ नयेत. तोडताना पिल्लं हलवू नयेत, आईला हलवावं. त्यांना ओळखीचा पिंजरा, ओळखीचं भांडं, ओळखीचा वास तरी राहतो. आईला खूप दूध असेल तर आधी मोठी पिल्लं काढावीत, लहानखुरी चार-पाच दिवस तिच्याजवळ ठेवावीत. दूध हळूहळू आटतं, कास तुंबत नाही. तिच्या गोळ्याही तेवढे दिवस कमी कराव्यात. नर-माद्यांची वाटणी आठव्या आठवड्यात करावी आणि दहाव्या आठवड्यात पुन्हा एकदा सगळी पिल्लं उलटी धरून तपासावीत. लहान वयात ओळखण्यात चूक सहज होते, आणि बुटक्या जातीची मादी साडेतीन-चार महिन्यांतच गाभण राहू शकते.